पूर्वीचं पुणे सुरक्षित होतं म्हणे!

सदाशिवपेठी: रोज नवा आजार, रोज कोयता. आमच्या लहानपणी दारं सताड उघडी टाकून झोपायचो, पाणी थेट नळाचं प्यायचो. आताची पोरं जिममध्ये दंड फुगवतात आणि एका तापात आडवी होतात. माणूसच नाजूक झालाय, दुसरं काही नाही.

धायरीचा_मी: काका, असलं वाचलं की डोकं फिरतं. दारं उघडी म्हणजे नक्की कधी? जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, जोशी-अभ्यंकर प्रकरणात दहा खून झाले. आमची आजी तेव्हा दिवेलागणीला कडी घालून वर दाराला ट्रंक लावायची. त्याआधीचं पुणं हवंय? १८९७ घ्या. मार्चमध्ये सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेल्या, जूनमध्ये गणेशखिंडीत प्लेगचा इंग्रज अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. तेव्हा कोण जिमला जात होतं?
२००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, शाळकरी मुलगी. तिलाही नाजूक म्हणणार? विषाणूने रूप बदललं होतं, इतकंच.

कात्रजची_मावशी: इतिहास पुरे. जोशी-अभ्यंकरांच्या त्या चौघा खुन्यांना शेवटी येरवड्यात फाशी तरी झाली. आमच्या गल्लीत गेल्या दिवाळीनंतर पोरांनी उभ्या गाड्यांवर कोयते चालवले. सीटा फाडल्या, काचा फोडल्या. मिसरूड न फुटलेली पोरं, कोणाशी वैर नाही, नुसती 'दहशत'. वैरी माहीत असला तर माणूस वाट तरी बदलतो. माझी मुलगी क्लासवरून येईपर्यंत मी गॅलरीत उभी असते. तुम्ही सनावळ्या सांगा.

किरकटवाडी_फाटा: 'नाजूक' म्हणजे प्रतिकारशक्ती कमी, असं म्हणणाऱ्यांसाठी. जानेवारी २०२५, जीबीएस, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार. माझा धाकटा भाऊ रोज सिंहगड चढणारा. आधी जुलाब, मग तळपायाला मुंग्या, मग एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला. जीबीएसमध्ये प्रतिकारशक्तीच उलटून आपल्या नसांवर हल्ला करते, काका. कमी पडत नाही, चुकीच्या जागी लढते. इंजेक्शनांच्या खर्चात आईच्या पाटल्या गेल्या. आणि कारण? टँकरचं पाणी. आमच्या सोसायटीत टँकर कुठे भरतो, हे विचारणारा मी एकटा.

सेक्रेटरी_नाइलाजाने: आलं टँकरवर! बऱ्याच रुग्णांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. तो कच्च्या राहिलेल्या चिकनमधूनही येतो. तुमच्या भावाने बाहेर काय खाल्लं, ते आधी विचारा. टँकर बंद केला तर अंघोळी कुठे करायच्या, मुठेत?

किरकटवाडी_फाटा: भाऊ शाकाहारी आहे. तोंड सांभाळून. मुद्दा टँकर बंद करण्याचा नाहीच, क्लोरीन तपासण्याचा आहे. काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे, थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. आमच्या टाकीचं पाणी जसंच्या तसं पांढरं राहिलं, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, तर अध्यक्षांनी ग्रुपवर फक्त अॅडमिनना बोलता येईल असं केलं.

धायरीचा_मी: आमच्याकडे तेच! गावं महापालिकेत घेतली, कर लावला, पाण्याची लाइन यायचीय.

सेक्रेटरी_नाइलाजाने: कराचं नगरसेवकाला सांगा. आमच्यासारखे फुकट राबणारे सापडले की बडवायचे. ब्लीचिंग जास्त पडलं तर केस गळतात म्हणून तक्रार, कमी पडलं तर खुनी.

कात्रजची_मावशी: कोयत्यांचं काय झालं? की टँकरमध्ये बुडाले?

सदाशिवपेठी: बरं बाबा, जोशी-अभ्यंकर मान्य. आमच्या वाड्यातही तेव्हा आठच्या आत घरात, हे वडील सांगायचे. पण नळाच्या पाण्याचं मी खरंच सांगतोय. आम्ही प्यायलो, काही झालं नाही.

धायरीचा_मी: ज्यांना झालं, ते इथे लिहायला उरले नाहीत, काका.

किरकटवाडी_फाटा: सेक्रेटरीसाहेब, ओटीची बाटली मी स्वतःच्या पैशाने आणलीय. रविवारी टँकर आला की गेटवर भेटू. पाणी पिवळं झालं तर चिकन मीच खाऊ घालतो.