ऑक्टोबरमधला रतनगड
ऑक्टोबरच्या उन्हात पोरांना रतनगड किल्ल्यावर नेऊ नका, डिसेंबरपर्यंत थांबा, असं या चर्चेत वर एकांनी सुचवलंय. उन्हाचं खरं आहे, पण पायथ्याच्या रतनवाडीकडून चढताना कड्यावरच्या शिड्यांपर्यंतची बरीचशी वाट झाडीतून जाते. आणि डिसेंबरात माथ्यावर वाळलेलं गवतच असतं. सोनकीच्या रानफुलांचा पिवळा पसारा बघायचा तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, तेवढेच दिवस. भाचा आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांबरोबर मी याच दिवसांत गेलो होतो. नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, पोचेपर्यंत सगळ्यांच्या पँटी परागांनी पिवळ्या!

उन्हापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती आग्या मोहोळांची, आणि तो विषय इथे कुणीच काढलेला नाही. पाऊस सरला की या माश्या सह्याद्रीच्या कड्याकपारींत परत येऊन पोळी धरतात. उग्र वासाचा डिओ, धूर, गोंगाट यांनी त्या पिसाळतात, आणि तरुण मंडळींच्या सॅकमध्ये डिओ आणि स्पीकर हमखास सापडतात. आम्ही दोन्ही गाडीतच ठेवायला लावले. थोडी कुरकुर झाली, पण झाली तर झाली. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नये, तोंड-डोकं झाकून तिथून लांब व्हावं. शिडीवर असाल तर मात्र आधी पकड सांभाळा.

आणखी एक, ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, म्हणजे जूनपेक्षा तासभर आधी. मुक्काम नसेल तर तीनच्या आत गड उतरायला लागा.