चूल, उंबरा आणि खानेसुमारी : ‘घर’ आणि ‘कुटुंब’ यांत फरक काय?

पुतणी धुळ्याला भूगोलात एम.ए. करते. 2011च्या जनगणनेतले घरांचे तक्ते मराठीत मांडताना ती अडली. देशात घरं सुमारे 33 कोटी आणि कुटुंबं 24 कोटी 67 लाख. तिनं दोन्ही रकान्यांना ‘घर’च लिहिलं होतं. “काका, घरं एवढी जास्त कशी?” मला नीट सांगता आलं नाही. तुम्ही कोणते शब्द वापराल?

अमळनेरहून :
उत्तर आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. जनगणनेत कुटुंब म्हणजे एरवी एकत्र राहणारे आणि एकाच स्वयंपाकातलं जेवणारे लोक. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. ही झाली चूल. घर म्हणजे रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यातून स्वतंत्र मुख्य दार असलेली इमारत किंवा तिचा भाग. हा झाला उंबरा. ‘दोनशे उंबऱ्यांचं गाव’ म्हणतो तोच. मात्र जनगणनेच्या उंबऱ्यात दुकान, शाळा, देऊळही येतं, आणि कुलूप लावलेलं घरही. त्या 33 कोटींत जवळपास अडीच कोटी घरं रिकामीच होती.

उलटंही होतं. आमच्या घराला दार एकच. मोठे काका वेगळे झाले तेव्हा ना मधे भिंत आली ना नवं दार. ओसरीच्या कोपऱ्यात विटा मांडून दुसरी चूल पेटली, एवढंच. आजी सगळ्यांना सांगायची, “मोठा भाऊ येगया निंघना.” उंबरा एक, चुली दोन. म्हणजे घर एक, कुटुंबं दोन.

शहाद्याहून :
‘चूल’ पटलं. आमच्याकडे जुनी माणसं ‘कुटुंब’ म्हणजे बायको समजतात, म्हणून दारात उभं राहून विचारायला ‘चूल एकच ना?’ हेच बरं. भाडेकऱ्यांसाठी ‘बिऱ्हाड’ आहेच, त्यातही चूल गृहीत असते.

जुना शब्द ‘खानेसुमारी’. फारसीत खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. ‘शिरगणती’त डोकी मोजतात. जनगणनेचे दोन टप्पे हेच तर आहेत : 2010मध्ये घरयादी, फेब्रुवारी 2011मध्ये माणसं. हे दोन्ही शब्द पुन्हा वापरात आणावेत असं मला मनापासून वाटतं.

पुतणीला एक सांगा, छताचा रकाना जपून वाचायचा. त्यात गवत, बांबू, लाकूड, माती हे सगळं एकाच ओळीत आहे. आपलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर त्याच ओळीत जातं. हातभर रुंद भिंती, वर सागाच्या कड्या, दर पावसाळ्याआधी खारी (खारट पांढरी माती) टाकलेलं धाबं, उन्हाळ्यात वर पसरलेल्या गाद्या. आणि शेजारचं गवताचं झोपडं. तक्त्यात दोन्ही सारखीच. त्या टक्केवारीवरून गरिबी मोजू नका, भिंतींचा रकानाही शेजारी ठेवा.

मूळ प्रश्न विचारणारा :
तिनं शीर्षकं बदलली : ‘घरे (उंबरे)’ आणि ‘कुटुंबे (चुली)’. आता विचारते, रावेरकडे केळीला रात्री पाणी द्यायला जाणारा मुलगा मळ्यातच डबा खातो, त्याची चूल कुठली?

अमळनेरहून :
घरचीच. कामापायी जेवण बाहेर झालं तर ते धरत नाहीत. तशी सूट व्याख्येतच दिलेली आहे.