चालकाविना ट्रक: ट्रान्सपोर्टवाल्यांनी यात पैसे घालावेत का?

कळंबोलीकर
टेक्सासमध्ये डॅलस ते ह्यूस्टन अरोरा कंपनीचे ट्रक २०२५ पासून चालकाविना माल नेतात. तेवढ्यावर आमच्या बैठकीत एक मोठे मालक म्हणाले, आत्ताच यात उतरा, नाहीतर संपाल. मला पटलं नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून रडतो आपणच, आणि एसी केबिन मात्र सरकारने १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या ट्रकांना सक्तीची केली तेव्हा आली. आपणहून किती जणांनी दिली होती?

डॅलसवासी
दादा, इथलं गणित वेगळं आहे. चालकाने ११ तास गाडी हाकली की सलग १० तास विश्रांती, कायदाच आहे. तेवढा वेळ गाडी उभी आणि हप्ता चालू. शिवाय खर्चात सगळ्यात मोठा वाटा चालकाच्या पगाराचा. इथल्या कंपन्यांनी पैसे घालायलाच हवेत.

स्टिअरिंगवाला
तुमचा रस्ता सपाट आणि सरळ, साहेब. कसारा घाट उतरताना ब्रेक तापले की काय करायचं ते मशीनला शिकवा. वर अंधारात उसाच्या दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही. आणि ड्रायव्हर नुसतं चाक फिरवतो का? ताडपत्री सुटली तर बांधायची, टायर बदलायचा, बिल्टी म्हणजे मालाची पावती सांभाळायची, पार्टीच्या गेटवर गाडी खाली होईपर्यंत ताटकळायचं. रात्री टाकीतून डिझेल काढून नेतात, त्यासाठी जागायचं ते वेगळंच.

डॅलसवासी
हायवे सोडा. इथल्या पर्मियन खोऱ्यात तेलविहिरींत वापरायची वाळू कोडियाक कंपनीचे ट्रक खासगी रस्त्यांवरून चालकाविना नेतात. चंद्रपूरच्या खुल्या कोळसा खाणीत हे का होऊ नये?

हिशेबनीस
खाणीच्या आवारात होईल, पण तो पैसा खाणवाल्याने घालावा. मालवाहतूकदाराने इतिहास बघावा. उबरने चालकाविना ट्रकचा विभाग २०१८ मध्ये बंद केला, याच धंद्यातली स्टारस्की कंपनी २०२० मध्ये बुडाली, गूगलच्या घरातल्या वेमोने २०२३ मध्ये ट्रक बाजूला ठेवले. टूसिंपल या तशाच कंपनीत तर यूपीएससारख्या बड्या पार्सल कंपनीचा पैसा होता, तरी तिने अमेरिकेतला गाशा गुंडाळला. आणि अरोरा? ट्रक बनवणाऱ्या पॅकारने सांगितल्यावर काही आठवड्यांतच पुढच्या सीटवर परत माणूस बसवावा लागला. तंत्र तयार झालं की किलोमीटरच्या दराने भाड्याने घ्या. शेअर कशाला? आपल्याकडे तर सगळ्यात मोठा खर्च डिझेलचा, पगार वाचवून वाचवणार किती?

डॅलसवासी
सगळे भाड्यासाठी थांबले तर दर ठरवणार तीच कंपनी. आधी उतरलेल्याला निदान अटी घालता येतात.

कळंबोलीकर
अटी यूपीएसला घालता येतील, चार गाड्यांच्या मालकाला कोण विचारतो? आणि अपघात झाला तर पोलीस ठाण्यात जाणार कोण? अपघात करून पळणाऱ्या चालकाला जबर शिक्षा सांगणाऱ्या न्याय संहितेच्या कलम १०६(२) वरून जानेवारी २०२४ मध्ये चक्का जाम झाला, तेव्हा निदान जबाबदार कोण हे तरी माहीत होतं. गडकरींनीही सांगितलंय, लोकांच्या नोकऱ्या जातील म्हणून चालकाविना गाड्या इथे येऊ देणार नाही.

हिशेबनीस
मंत्र्यांच्या शब्दावर धंदा ठरवू नका. त्यापेक्षा डुलकी लागली की वाजणारे कॅमेरे बसवा.

स्टिअरिंगवाला
बसवा की. पण लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर द्या. सलग रात्री गाडी मारायला लावून कॅमेरा वाजवला तर मी तो कापडाने झाकणार.

कळंबोलीकर
दोन ड्रायव्हर द्यायला माझी ना नाही, भाऊ. भाडं कोण वाढवून देणार ते सांग. पार्टी टनामागे पन्नास रुपयांसाठी दुसरी गाडी बोलावते.