मदत हवी आहे: डोळ्याच्या नसेची सूज उतरली, मग नजर का घसरतेय?

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असतो. धाकट्या बहिणीच्या डोळ्यांबद्दल विचारायचं आहे, थोडं लांबेल.

वय 28. सहा-सात महिने सकाळी उठलं की डोकं जड. केर काढायला वाकली की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधारी. रात्री उजव्या कानात ठोक्यागणिक घुस्स घुस्स आवाज. इतके दिवस मायग्रेनच्या गोळ्या चालल्या. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला गेली, तिथे डोळ्यात थेंब टाकून पडदा पाहिला आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी एमआरआयला पाठवलं. दोन्ही नसा सुजलेल्या. मेंदूत गाठ नाही, शिरांमध्ये गुठळी नाही. पाठीतून सुई घालून मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब मोजला तर 36 सेंमी. मोठ्या माणसात 25 च्या वर गेला की जास्त धरतात म्हणे. निदान आयआयएच, म्हणजे गाठ-गुठळी नसताना हा दाब वाढणं. वर्षभरात वजन 11 किलोंनी वाढलंय, शिवाय पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन चालू होती; दोन्हींमुळे हा दाब वाढू शकतो म्हणून ती गोळी लगेच बंद केली. डायमॉक्स (हे पाणी कमी तयार व्हावं म्हणून गोळी) दिवसाला 1 ग्रॅम सुरू आहे.

आता खरा प्रश्न. ओसीटीत (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) नसेच्या तंतूंच्या थराची जाडी पहिल्यांदा उजवीकडे 212, डावीकडे 238 मायक्रॉन होती. काल उजवी 121, डावी 84. मला वाटलं, डावा डोळा आधी बरा झाला! पण फील्ड टेस्टमध्ये (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ती तपासणी) उजवा सुधारलाय आणि डावा आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांची भेट दहा दिवसांनी आहे. आई म्हणते, डोळ्याचं प्रेशर 15 आलंय, नॉर्मल आहे, कशाला घाबरवतोस तिला? जाणकारांनी सांगा, हे नेमकं काय चाललंय?

प्रतिसाद 1

मी नेत्रतज्ज्ञ आहे, पण तिला तपासलेलं नाही, हे धरून वाचा.

आधी आईंचा मुद्दा. ते 15 म्हणजे नेत्रगोलाच्या आतला दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पाठीतून मोजला तो मेंदूभोवतीच्या पाण्याचा. दोन टाक्या वेगळ्या, मापंही वेगळी. एक नॉर्मल असून दुसरा चढलेला असू शकतो.

डोळ्याची नस म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला भाग. मेंदूची आवरणं तिच्याभोवती म्यानासारखी असतात आणि मेंदूभोवतालचं पाणी त्या म्यानातून थेट नेत्रगोलाच्या पाठीपर्यंत पोचतं. तिथे दाब वाढला की नसेच्या तंतूंमधली मालाची ये-जा तुंबते आणि तंतू फुगतात. ओसीटीत जाडी दिसते ती या फुगण्याची. आता गोम अशी, की फुगायला तंतू जिवंत लागतो. मेलेला तंतू सुजत नाही, वाळतो. त्यामुळे 238 वरून 84 हा आकडा दाब उतरल्यानेही येतो आणि तंतू गेल्यानेही. एकटा आकडा काहीच सांगत नाही. फील्ड बिघडत असताना जाडी उतरली, तर मी ती चांगली बातमी धरणार नाही.

त्याच स्कॅनमध्ये गँग्लियन सेलच्या (पडद्यातल्या ज्या पेशींचे तंतू मिळून नस बनते त्यांच्या) थराचा नकाशा आहे का पाहा. सूज तिथे इतकी फसवत नाही. आणि दहा दिवस थांबू नका, आजच फोन करून दोन्ही फील्डचे कागद दाखवा.

प्रतिसाद 2

मी स्वतः यातून गेलेय. माझं अक्षरवाचन शेवटपर्यंत 6/6 होतं, त्यामुळे घरी कुणाला खरंच वाटेना. नजर कडेने जाते, मधली सगळ्यात शेवटी. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली तेव्हा मला कळलं. डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतील, सोडा बेचव लागेल, त्याला घाबरून गोळी सोडू देऊ नका. वजन मात्र खरंच उतरवावं लागतं.

धागाकर्ता

दोघांचे आभार. फोन केला, त्यांनी संध्याकाळीच बोलावलं.

धागाकर्ता (दुसऱ्या दिवशी)

डाव्या नसेत फिकटपणा सुरू झालाय, म्हणजे काही तंतू गेलेत. डायमॉक्स 2 ग्रॅम केली, अमेरिकेतल्या 2014 च्या चाचणीत 4 ग्रॅमपर्यंत दिली होती असं म्हणाले. आठवड्याने पुन्हा फील्ड. त्यातही घसरण दिसली तर शंट (जादा पाणी दुसरीकडे वळवणारी नळी), किंवा नसेच्या म्यानाला छेद देऊन पाणी मोकळं करणं. गेलेलं परत येणार का विचारलं, तर म्हणाले, उरलेलं राखू. म्यानाला छेद देण्याची शस्त्रक्रिया कुणाची झाली असेल तर कृपया लिहा. ती शेजारी बसून वाचतेय.