शब्दचर्चा : ‘सरेंडर’ला मराठीत काय म्हणायचं? समर्पण, शरण, स्वाधीन की सोपवणे?

पायरीवरचा
आमच्या चर्चच्या तरुणांच्या गटासाठी शिष्यत्वावर एक छोटी पुस्तिका मराठीत करतोय, त्यात ‘सरेंडर’ हा शब्द दर दोन ओळींनी येतो. म्हणजे आयुष्याचा कंट्रोल आपल्या हातातून सोडून देवावर भरवसा टाकणे, या अर्थाने. पोरं आपापसात बिनधास्त ‘सरेंडर कर ना यार’ म्हणतात, पण छापायचं म्हटलं की अडतं. ‘समर्पण’ लिहिलं तर भाषणासारखं वाटतं आणि ‘शरणागती’ लिहिलं तर हरल्यासारखं. एकाने ‘देवाच्या स्वाधीन होणे’ सुचवलं, तर हिंदी माध्यमात शिकलेली एक मुलगी लगेच म्हणाली की स्वाधीन म्हणजे तर स्वतंत्र ना, मग देवापासून स्वतंत्र व्हायचं का? सगळे हसले, पण मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी सांगा.

मुळाक्षर
तिचं बरोबर आहे आणि तुमचंही. स्व + अधीन, म्हणजे स्वतःच्या ताब्यात असलेला, हा संस्कृतातला सरळ अर्थ आणि हिंदीने तोच धरून ठेवला. मराठीत मात्र ‘च्या’ लागलं की ‘स्व’ कोणाचा हे बदलतं. चोराला पोलिसांच्या स्वाधीन केलं म्हणजे पोलिसांच्या ताब्यात दिलं, इथे ‘स्व’ पोलिसांचा. तेव्हा ‘देवाच्या स्वाधीन’ मराठीत बिनचूक आहे. फक्त या शब्दाला पोलीस ठाण्याचा वास येतो हे खरं, कारण पेपरात तो तिथेच भेटतो.

‘शरण’चंही असंच झालंय. संस्कृतात शरण म्हणजे आसरा, निवारा, अगदी घरसुद्धा. शरण जाणे म्हणजे आसऱ्याला जाणे. पण 1971 च्या डिसेंबरात ढाक्याला पाकिस्तानी सैन्याने पत्करली ती पण ‘शरणागती’च, तिथे आसरा कुठून येणार, शस्त्रं खाली ठेवणे एवढाच अर्थ. आता मराठी माणसाच्या कानात दोन्ही एकदम वाजतात, त्यात दुसरा जरा मोठ्याने. म्हणून ‘पत्करणे’ हे क्रियापद टाळा आणि ‘शरण जाणे’ ठेवा, निम्मं काम होईल.

खाट आणि हरी
मला एक सांगा, हे सगळं शेवटी ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’च नाही का? कंट्रोल सोडला, देवावर हवाला ठेवला, आता बसा निवांत. माझा एक चुलतभाऊ 2 वर्षं ‘प्रभू उघडेल दार’ म्हणत घरी बसला होता, अर्ज एकही केला नाही, आणि घरातलं कोणी बोललं की तुमचा विश्वास कमी म्हणून वर ऐकवायचा. शब्द कुठलाही घ्या, लोक त्याचा अर्थ आरामच काढणार.

हिब्रू शिकतोय
खाटवाल्या भाऊंचा प्रश्न रास्त आहे, पण बायबलमधले मूळ शब्द बघितले तर आराम कुठेच सापडत नाही. स्तोत्र 37 मधली 5 वी ओवी घ्या, मराठी पवित्र शास्त्रात ‘आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे’ अशी आहे. हिब्रूत तिथे जे क्रियापद आहे त्याचा अक्षरशः अर्थ लोटणे, गडगडवणे असा होतो, दगड लोटतात ना तसं, नीतिसूत्रे 16:3 मध्ये पण तेच आहे. म्हणजे आपल्याला न पेलणारं वजन ढकलून त्याच्याकडे लावायचं, आणि ढकलायला जोर लागतोच की.

दुसरं स्तोत्र 31:5, ‘तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो’ असा त्याचा अर्थ, येशूने वधस्तंभावर हेच शब्द म्हटले (लूक 23:46). इथलं हिब्रू क्रियापद आजच्या इस्राएलमध्ये लोक बँकेत पैसे भरताना वापरतात! आणि लूकने त्यासाठी जो ग्रीक शब्द घेतलाय त्याच घराण्यातून ‘ठेव’ या अर्थाचा ग्रीक शब्द येतो, 2 तीमथ्य 1:12 मध्ये प्रेषित पौल त्याच ठेवीबद्दल बोलतो. ठेव ठेवणारा कंगाल होत नाही आणि हरलेला तर अजिबात नसतो, ज्याच्याकडे ठेवली तो परत देईल हे त्याला माहीत असतं म्हणून तर तो ठेवतो. मला तर वाटतं पुस्तिकेत मुख्य शब्द ‘सोपवणे’च घ्यावा, गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली सोपवतो तो हाच शब्द, कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

हां, आणि ते स्तोत्र 46:10 चं ‘शांत राहा’, जे सगळ्यांच्या स्टेटसला सूर्योदयाच्या फोटोवर असतं, त्याचं मूळ क्रियापद ‘हात सैल सोडा, ढिले पडा’ असं आहे. आधीच्या ओवीत देव धनुष्यं मोडतोय, लढाया बंद करतोय, म्हणजे हे ध्यानाला बसा असं नसून लढणाऱ्यांना दिलेली ‘बास आता’ अशी तंबी आहे. कंट्रोल सोडायला सांगणारं बायबलमधलं सगळ्यात थेट वाक्य हेच असेल आणि आपण त्याची अंगाई केलीय 😅

वसईचा वारा
आमच्या कॅथलिकांकडून थोडी भर घालते. दिवसातून 3 वेळा घंटा वाजली की जी प्रार्थना म्हणतात त्यात येशूच्या आईचं, मरियेचं वाक्य येतं, ‘मी प्रभूची दासी, आपण सांगितल्याप्रमाणे मला होवो’ (लूक 1:38). लहानपणी वाटायचं बिचारीला दुसरा पर्यायच नव्हता. पण त्याच्या 4 ओव्या आधी बघा, ती निरोप घेऊन आलेल्या देवदूतालाच विचारते की हे कसं होईल. आधी प्रश्न आणि मग होकार. आणि ते ‘होवो’ गंमतीचं आहे, ग्रीकमध्ये तिथे इच्छा व्यक्त करणारं रूप आहे, आज्ञार्थ नाही, म्हणजे ‘बरं बाबा, होऊ दे काय व्हायचं ते’ असा थकलेला सूर नसून ‘असं होवोच’ असा. मराठीच्या ‘होवो’त तो सूर आपोआप उतरतो, त्यासाठी मराठीचे आभार मानायला हवेत.

बाकी तुम्ही प्रोटेस्टंट लोक ‘विश्वास’ म्हणता तिथे आम्ही बऱ्याचदा ‘श्रद्धा’ म्हणतो, पुस्तिका दोन्हीकडे वाचली जाणार असेल तर हे पण डोक्यात ठेवा.

पायरीवरचा
हे प्रश्न विचारण्याचं मस्त सांगितलंत. गेथशेमाने बागेत, अटकेआधी येशूने केलेल्या प्रार्थनेत पण तेच आहे, आता लक्षात येतंय. ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ हे आधी मागून झालंय आणि मग ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’. मत्तयच्या शुभवर्तमानात तर तीनदा जाऊन तीच प्रार्थना केलीय. आमच्या गटात पोरांना वाटतं की सरेंडर केलं म्हणजे मागायचंच नाही, मागितलं तर सरेंडर कच्चं. हे लिहिणार मी.

ओटीवरून
मला एक वेगळीच भीती मांडायची आहे, चर्चा शब्दांचीच आहे म्हणून मांडते. याकोब 4:7 मध्ये ‘देवाच्या अधीन व्हा’ आहे. इफिसकरांस 5 व्या अध्यायात बायकांनी नवऱ्यांच्या अधीन असावं म्हणताना जो शब्द ऐकवतात तोही हाच. ग्रीकमध्येही एकच क्रियापद, सैन्यात रांगेत आपल्या जागी उभं राहण्याशी नातं असलेलं. पण त्याच अध्यायात बायकांचा विषय निघायच्या आधीची ओवी ‘एकमेकांच्या अधीन असा’ अशी आहे आणि ती लग्नाच्या संदेशात मी क्वचितच ऐकलीय.

तरुण मुलींच्या हातात पुस्तिका जाणार असेल तर हे स्पष्ट लिहा की कंट्रोल देवाकडे सोपवणं म्हणजे तो पाळकाकडे, गटाच्या लीडरकडे किंवा होणाऱ्या नवऱ्याकडे सोपवणं नव्हे. मी ज्या मंडळीत वाढले तिथे एका बाईंनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या, कारण गोळी घेणं म्हणजे पूर्ण सोपवलं नाही असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पुढे दवाखान्यात ॲडमिट कराव्या लागल्या. तेव्हा ‘सोपवणे’ कितीही गोड असो, कोणाकडे सोपवलं हे वाक्यात लिहिल्याशिवाय तो शब्द वापरू नका ही विनंती.

मुळाक्षर
ओटीवरून, तुमच्या मुद्द्याला व्याकरणातूनच पुस्ती जोडतो. ‘समर्पण’ला कोणाला हे सांगायची सक्ती नाही, ‘तिचं समर्पण बघा’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं, म्हणूनच तो शब्द सिनेमापासून राजकारणापर्यंत सगळीकडे खपतो. ‘सोपवणे’ला मात्र काय सोपवलं आणि कोणाकडे, दोन्ही खाने भरावेच लागतात. शब्दाची ही अडवणूक तुमच्या कामाची आहे.

नगरकर
उशिरा आलो. खाटवाल्यांना पुस्तकातलं नको, आपल्या मातीतलं उदाहरण देतो, पंडिता रमाबाई. 1887 मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था निघाली, तिने 10 वर्षं मदतीची हमी दिली, त्यावर 1889 ला मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू झाली, पुढे ती पुण्याला गेली. 10 वर्षांची मुदत संपत आली तेव्हा नेमका 1896-97 चा दुष्काळ. शहाण्या माणसाने काय केलं असतं, पसारा आवरला असता. या बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या, पुण्यात प्लेगचे नियम आड आले, एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना म्हणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या शेतजमिनीवर नेल्या. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. रोजच्या भाकरीसाठी आम्ही देवावर अवलंबून आहोत असं त्या सरळ लिहितात.

आता हे ‘देवावर अवलंबून’ जवळून कसं दिसायचं ते बघा. विहिरी खोदल्या, फळबाग लावली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, आणि त्याचे छपाईचे खिळे मुक्तीतल्या मुलींनीच जुळवले. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यात गेली, 1921 मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, ज्या मुलीच्या हाती काम द्यायचं तीच आधी गेली, तरी प्रूफं तपासणं चालूच. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि बायबल 1924 ला बाहेर पडलं, म्हणजे छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. खाटेवर बसलेलं माणूस मला तरी यात कुठे दिसत नाही. त्यांनी सोडलं काय? तर उद्याची हमी आणि कामाचं फळ आपल्या डोळ्यांनी बघायचा हट्ट, एवढंच. काम नाही सोडलं.

आणि भाबडेपणा नको म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1917 मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, देवावर भरवसा म्हणावा तो असा. पण आयुष्यभर हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या या माणसाच्या घरी चूल कशी पेटायची हे वाचायचं तर त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचा. हसताहसता रडवतात बाई. एकाने कंट्रोल सोडला की दुसऱ्या कोणाला तरी तो धरावा लागतो, बहुतेक वेळा घरातल्या बाईला, हा मुद्दा पुस्तिकेत आला तर मी 5 प्रती विकत घेईन.

खाट आणि हरी
रमाबाईंपुढे काय बोलणार, हात जोडले. तरी माझा ‘हवाला’ तुम्ही सगळ्यांनी सोयीस्कर टाळलात. देवावर हवाला ठेवणे हा किती जुना मराठी वाक्प्रचार आहे, तो का नको?

मुळाक्षर
शब्द अरबीतून आलेला, ताब्यात देणे, सुपूर्त करणे असाच अर्थ, ‘हवाली करणे’ त्यातलाच. अर्थाने ‘सोपवणे’च्या अगदी शेजारी बसतो. पण दोन घोटाळे आहेत. एक तर वाक्प्रचारात त्याला ‘प्रयत्न संपले, आता बघू’ अशी छटा चिकटलीय. दुसरं म्हणजे आजच्या पोराला हवाला म्हटलं की ईडीची धाड आठवते. ‘प्रभूवर हवाला ठेवा’ असं पाळकांनी म्हटलं तर मागच्या बाकावर हशा पिकेल.

हिब्रू शिकतोय
😂 आणि ज्याला आपण ‘भरवसा’ म्हणतोय त्यासाठी मराठी पवित्र शास्त्रात बऱ्याच ठिकाणी ‘भाव ठेवणे’ आहे, नीतिसूत्रे 3:5, ‘परमेश्वरावर भाव ठेव’. वारकरी घरातून आलेल्या माणसाला तो चटकन आपला वाटतो, शहरातल्या पोरांना मात्र कांद्याचा भाव आठवतो. वाईट वाटतं पण काय करणार, मोठ्या वाचकांसाठी ठेवा, पोरांसाठी ‘भरवसा’.

पायरीवरचा
सगळ्यांचे आभार. सध्याचा मसुदा असा : मथळ्यात ‘देवाकडे सोपवताना’, आत क्रियापद ‘सोपवणे’ आणि दर वेळी कोणाकडे ते लिहिलेलं, ‘शरण जाणे’ फक्त प्रार्थनेत, ‘समर्पण’ फक्त रोमकरांस 12:1 उद्धृत करताना कारण तिथे ‘यज्ञ म्हणून समर्पण’ असंच आहे आणि यज्ञाला तोच शब्द शोभतो. गोळ्या-औषधांचा परिच्छेद पहिल्याच धड्यात टाकतोय. टिळकांच्या घरचा मुद्दा कुठे बसवायचा ते अजून कळत नाहीये, विवाहितांच्या धड्यात चालेल का?

ओटीवरून
विवाहितांच्या नको, पुरुषांच्या धड्यात टाका.

नगरकर
+1. आणि ‘भिस्त’ शब्द कोणीच काढला नाही राव, आमची आजी कायम म्हणायची, सगळी भिस्त देवावर. मळ्यात खुरपं चालवता चालवता म्हणायची.