ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, १९९७ : याहून चांगली मॅच झालेली नाही

गुलाबी_गॉगल

गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की एक जुनी मॅच बघतो. शाळेत असताना शेजारच्यांच्या केबलवर जे तुकड्या-तुकड्यांत पाहिलं होतं, ते आता सलग बघतोय. तेव्हा आमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन रेसलिंग कंपनीची कार्डं असायची. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. ज्याचा आकडा मोठा तो समोरच्याचं कार्ड घेणार. टीव्हीवरच्या मॅचही मी त्याच हिशेबाने बघायचो : धिप्पाड कोण आणि जिंकलं कोण.

परवा रेसलमेनिया १३, म्हणजे त्या कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमातली ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिनची मॅच लावली. २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमाँट. संपली आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावली. माझं मत सरळ मांडतो : प्रोफेशनल रेसलिंगमध्ये याहून चांगली मॅच झालेली नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी दुसरी मॅच पुढे करावी, पण कारणासकट.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं मागचं. ब्रेट म्हणजे सरळमार्गी नायक. गुलाबी-काळा पोशाख, रिंगपाशी आला की डोळ्यावरचा गॉगल काढून पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराला द्यायचा. माझं नाव त्यावरूनच घेतलंय. ऑस्टिन म्हणजे शिवराळ, कुणालाही न जुमानणारा खलनायक. नोव्हेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कला ब्रेटने त्याला हरवलं होतं. मग जानेवारीत रॉयल रंबलमध्ये (बऱ्याच जणांची मॅच, दोरावरून बाहेर पडला तो बाद) ब्रेटने त्याला रिंगबाहेर फेकलं, ते रेफ्रींनी पाहिलंच नाही. ऑस्टिन गुपचूप परत आत आला आणि शेवटी ब्रेटलाच बाहेर काढून जिंकला. आता ही सबमिशन मॅच. म्हणजे पाठ टेकवून तीन मोजणं नाही, समोरच्याने शरण यायचं तेव्हाच निकाल. रेफ्री म्हणून केन शॅमरॉक.

मारामारी रिंगमध्ये थोडीच होते, मग दोघे प्रेक्षकांत शिरतात, पायऱ्यांवर, कठड्यांवर. परत आल्यावर ब्रेट ऑस्टिनचा गुडघा धरतो आणि सोडतच नाही. याच सुमारास ऑस्टिनचं कपाळ फुटतं. शेवटी शार्पशूटर लागतो. दोन्ही पाय अडकवून माणसाला पालथा करायचा आणि पाठीवर मागे रेलायचं, तो ब्रेटचा हुकमी डाव. ऑस्टिन तळव्यांवर छाती उचलतो, तोंड उघडं, कपाळावरचं रक्त ओघळून दातांच्या फटींत उतरलेलं. शॅमरॉक खाली वाकून विचारतोय. ऑस्टिन शरण येत नाही. एकदा जोर लावून पकड जवळजवळ उघडतो, ब्रेट सावरतो आणि पुन्हा बसतो. मग ऑस्टिनची मान खाली जाते. बेशुद्ध. घंटा होते.

इथपर्यंत ब्रेट जिंकलेला नायक आहे. पण तो परत वळतो आणि त्या निपचित माणसाच्या दुखऱ्या पायावर तुटून पडतो. शॅमरॉक त्याला मागून कमरेला धरून ओढून फेकतो. दोघे समोरासमोर येतात आणि ब्रेट माघार घेतो. लोक हुर्यो उडवतात. इकडे ऑस्टिन शुद्धीवर येतो, मदतीला आलेल्या दुसऱ्या रेफ्रीलाच आडवा करतो आणि कुणाचा हात न घेता लंगडत आत जातो. लोक त्याच्या नावाने ओरडत असतात.

निकाल आधी ठरलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. मग मॅच बघायची कशासाठी? माझ्या मते अशासाठी. बावीसेक मिनिटांत हजारो लोकांनी आपली बाजू बदलली. हरलेला माणूस पुढे या धंद्यातला सगळ्यात मोठा तारा झाला, आणि त्याची सुरुवात या हरण्यातून झाली.

---

मॅचोभक्त

बाजू बदलणं ही पटकथेची करामत झाली, कुस्तीची नव्हे. तुम्ही मॅच मागितली म्हणून देतो : रँडी सॅव्हेज विरुद्ध रिकी स्टीमबोट, रेसलमेनिया ३, २९ मार्च १९८७, पाँटिअॅक सिल्व्हरडोम. जाहीर केलेली गर्दी ९३,१७३. तो आकडा खरा की फुगवलेला यावर आजही वाद घालतात. पण एवढे लोक हल्क होगन आणि आंद्रे द जायंटसाठी आले होते आणि लक्षात राहिली ही मॅच.

काही महिन्यांपूर्वी सॅव्हेजने रिंगची घंटा वापरून स्टीमबोटचा गळा जायबंदी केला होता, अशी कथा. म्हणजे मॅचच्या पोटात आधीपासून राग आहे. आणि त्या रागाचं दोघांनी काय केलं? पंधरा मिनिटांपेक्षाही कमी वेळ, पण एकही क्षण फुकट नाही. पाठ टेकली, एक, दोन, आणि सुटला. पुन्हा टेकली, पुन्हा सुटला. दर वेळी लोकांचा श्वास अडकतो. सॅव्हेजला सगळं आधी बांधून ठेवायची सवय. दोघांनी प्रत्येक डाव कागदावर क्रमाने लिहून काढला आणि एकमेकांची तोंडी परीक्षा घेत पाठ केला, हे स्टीमबोटने स्वतः सांगितलंय. शेवटी सॅव्हेज पुन्हा तीच घंटा घेऊन दोरावर चढतो, स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज स्टील त्याला ढकलतो, आणि स्टीमबोट एका झटक्यात त्याला गुंडाळून पिन करतो. ज्या वस्तूने कथा सुरू झाली तिनेच संपली. थेंबभर रक्त नाही.

तुमच्या मॅचमधून रक्त काढून टाका. किती उरते?

---

तालमीतला

मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे स्पष्ट बोलतो, राग मानू नका. निकाल आधी ठरलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, आणि तशी कुस्ती केलेल्या पैलवानाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. खासबागेत लोक तासन् तास मातीवर बसून खडाखडी बघतात, ती निकाल कुणालाच माहीत नसतो म्हणून. १९५२ ला खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, तेव्हा समोरचा पैलवान ठरवून पडला नव्हता.

तुम्ही एवढ्या जिव्हाळ्याने लिहिलंय म्हणून विचारतो. नाटक म्हणून बघायचं असेल तर नाटक म्हणा. त्याला कुस्ती का म्हणता? त्या शब्दासाठी इथे पोरांनी रोज हजार-हजार जोर-बैठका काढल्यात.

---

गुलाबी_गॉगल

@तालमीतला, राग कसला. शब्दाबद्दल तुमचं बरोबर आहे. मी वर एकदाही कुस्ती म्हटलेलं नाही, मुद्दामच. पण 'नुरा' हा आरोप इथे बसत नाही. नुरा कुस्तीत प्रेक्षकाला खरी म्हणून खोटी विकतात, त्यात फसवणूक आहे. इथे १९९७ पर्यंत ते गुपित जवळपास उघडं पडलं होतं. लोक माहीत असून आले आणि तरीही हलले.

विनंती एवढीच की त्या मॅचचा शेवट एकदा बघा. सुरुवात सोडून द्या, शार्पशूटर लागतो तिथून पुढे.

@मॅचोभक्त, रक्ताचा प्रश्न चांगला आहे, त्यावर मीही दोन दिवस विचार करतोय. तेव्हा कंपनीला रक्त नको होतं. तरी ते काढायची कल्पना ब्रेटची होती. त्याला ठाऊक होतं की शेवटच्या चित्राशिवाय ऑस्टिनचं न हरणं लोकांच्या डोळ्यांत भरणार नाही. म्हणजे स्वतः खलनायक होणाऱ्या माणसाने समोरच्याला नायक करायची तयारी केली. मी त्या रक्ताला मॅचपासून वेगळं काढू शकत नाही. सॅव्हेजच्या हातातली घंटा काढली तर तुमचीही मॅच उरणार नाही.

---

डेडमॅन_सातारा

इतक्या चर्चेत अंडरटेकर आणि मॅनकाइंडचं, म्हणजे मिक फोलीचं, नाव नाही? २८ जून १९९८, पिट्सबर्ग, हेल इन अ सेल, म्हणजे पिंजऱ्यातली मॅच. सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या टपावरून मिक फोली थेट खालच्या कॉमेंट्रीच्या टेबलावर. स्ट्रेचरवरून उठून तो परत वर चढला! दुसऱ्यांदा जाळीच तुटली आणि तो आत रिंगमध्ये आदळला. आमच्या वर्गात सोमवारी दुसरा विषय नव्हता. आजही ज्याने रेसलिंग कधी पाहिलं नाही त्यालासुद्धा ती क्लिप माहीत असते. यापेक्षा मोठा क्षण दाखवा.

---

साठ_मिनिटं

क्षण मोठा आहे, मॅच मोठी नाही. आणि मला ती आता पाहवत नाही. दुसरं पडणं ठरलेलं नव्हतं, जाळी खरोखर निसटली. सोबत खुर्ची येऊन तोंडावर आपटली, दात तुटला. टेरी फंक हा दुसरा रेसलर मध्ये येऊन वेळ काढतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते ती अभिनयाची नाही. अंडरटेकरचं पाऊलही त्या रात्री मोडलेलं होतं. फोली वाचला म्हणून आपण याला क्लासिक म्हणतो.

पुढच्याच वर्षी, २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट छतावरून खाली उतरताना पडून गेला आणि कार्यक्रम तसाच पुढे चालू ठेवला. तो ब्रेटचा सख्खा धाकटा भाऊ. उंचीवरून पडणाऱ्या माणसाला टाळी वाजवताना मला ते आठवतं.

माझं मत : ब्रेट आणि शॉन मायकल्स, ३१ मार्च १९९६, साठ मिनिटांची आयर्न मॅन मॅच, म्हणजे त्या वेळात ज्याचे विजय जास्त तो जिंकला. तासभरात एकही पिन नाही, मग जादा वेळ, आणि शॉनची ती लाथ.

---

डेडमॅन_सातारा

ओवेनचं वाचून थांबलो. आम्ही तेव्हा पोरं होतो, फोलीला खरंच लागलंय हे कळायचं वय नव्हतं. पण त्याच्या धाडसाचा मान मी कमी करणार नाही. तो स्वतः परत वर चढला, कुणी ढकललं नव्हतं.

---

ब्रेटवाला

मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. "बावीस मिनिटांत बाजू बदलली" हे खरं नाही. रेसलमेनियाच्या सहा दिवस आधी, १७ मार्चच्या रॉमध्ये (कंपनीचा दर आठवड्याचा टीव्ही कार्यक्रम) ब्रेट पिंजऱ्याच्या मॅचमध्ये सिडकडून हरला, त्याने कंपनीचा मालक विन्स मॅकमॅहनला ढकललं आणि माईकवर शिव्या घालत आपल्यावर कसा अन्याय झाला ते सांगितलं. लोक त्याच्यापासून तेव्हाच दुरावले होते. शिकागोतही ऑस्टिनसाठी आरोळ्या सुरुवातीपासून आहेत, आवाज वाढवून ऐका. मॅचने फक्त शिक्का मारला.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. ब्रेटचं म्हणणं बरोबर होतं! रंबलमध्ये त्याला फसवलंच होतं. शिवीगाळ करणारा, मागून वार करणारा माणूस तुम्हाला आवडायला लागला आणि नियमाने खेळणारा रडका वाटायला लागला, तर खलनायक कोण झालं? ६ जुलै १९९७ ला कॅल्गरीत जे झालं ते बघा. पाच विरुद्ध पाच, ब्रेट, ओवेन आणि त्यांचे साथीदार एका बाजूला, ऑस्टिन दुसऱ्या. तिथे ब्रेट देव आहे आणि ऑस्टिनवर सगळं स्टेडियम ओरडतंय. तीच माणसं, तेच स्वभाव, फक्त गाव बदललं. मला ती मॅच यापेक्षा वरची वाटते.

आणखी एक सांगतो. ९ नोव्हेंबर १९९७, माँट्रिअल. ब्रेटला त्याचाच शार्पशूटर शॉनने लावला, ब्रेटने शरणागती दिली नाही, तरी मॅकमॅहनच्या सांगण्यावरून घंटा वाजवली आणि चँपियनचा पट्टा काढून घेतला. ऑस्टिन मार्चमध्ये न हरता हरला आणि मोठा झाला. ब्रेट नोव्हेंबरमध्ये तसाच हरला आणि घरासारखी कंपनी सुटली. यातलं दुसरं दुःख ठरवून लिहिलेलं नव्हतं. कमीत कमी ब्रेटच्या बाजूने तरी नाही.

---

गुलाबी_गॉगल

@ब्रेटवाला, १७ मार्चचं मान्य. ते भाषण मी मॅचनंतर पाहिलं, आधी पाहायला हवं होतं. दार आधीच किलकिलं झालं होतं. पण एक गोष्ट सोडत नाही. पहिल्या मिनिटाचा आवाज आणि शेवटच्या मिनिटाचा आवाज मी लागोपाठ ऐकला. सुरुवातीला दोन्ही नावं येतात. शेवटी एकच येतं. तो फरक त्या पायावर पडलेल्या लाथांनी केला, भाषणाने नाही.

ब्रेटचं बरोबर होतं, हे मात्र तुमच्यामुळे आज नीट कळलं. बारा वर्षांचा असताना मला वाटलं होतं त्याने मला दगा दिला. त्या दिवसापासून मी त्याचं कार्ड गठ्ठ्यात तळाशी ठेवायला लागलो होतो. माँट्रिअल झालं तेव्हाही मला वाईट वाटलं नाही, आणि ते आता वाटतंय. कॅल्गरीची मॅच रविवारी बघतो.

---

मॅचोभक्त

कॅल्गरीनंतर स्टीमबोट आणि रिक फ्लेअरच्या १९८९ च्या तिन्ही बघा. फेब्रुवारीत शिकागो, एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्स, मेमध्ये नॅशव्हिल. मधली तर तासाच्या आसपास चालते. घंटा नाही, पिंजरा नाही. मग बोलू.

---

तालमीतला

सांगितलंत म्हणून काल रात्री बघितला शेवट. दोनदा.

कुस्ती म्हणणार नाही, ते मत कायम. पण दोन गोष्टी लिहितो. आमच्याकडे कुस्ती निकाली झाली की जिंकलेला गडी खाली पडलेल्याला हात देऊन उठवतो. पहिल्या दिवशी वस्ताद हेच शिकवतो. तो गुलाबी पोशाखवाला पडलेल्या माणसाच्या पायावर परत गेला तेव्हा माझं डोकं फिरलं. ठरलेलं आहे हे माहीत असून फिरलं. मागून कमरेला विळखा घालून त्याला बाजूला काढला, ती पकड मात्र खरी होती. त्या रेफ्रीला येतं.

दुसरं. तो टकला दोन्ही तळव्यांवर उठला आणि पकड सुटायला आली, तेव्हा मी इथे मोबाइलसमोर "नीघ, नीघ!" म्हणून ओरडलो. घरचे झोपले होते, आई उठून आली.