प्रकाश हे स्वतंत्र कलामाध्यम आहे का?

गोदाकाठी:
अमेरिकी कलाकार डॅन फ्लेविनच्या ट्यूबलाइटच्या रचनेवर शिल्प म्हणून सवलतीचा कर लावायचा की दिव्याचे सामान म्हणून पूर्ण, असा वाद युरोपात झाला होता. 2008 मध्ये ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने शिल्पाच्या बाजूने कौल दिला. 2010 मध्ये युरोपीय आयोगाने मात्र ठरवले की ही दिव्याची उपकरणेच आहेत. कलाकृती म्हणायचीच तर ती उपकरणात नसून त्यातून होणाऱ्या प्रकाशाच्या परिणामात आहे. जादा कराची वाट मोकळी करणारा हा युक्तिवाद मला प्रकाशकलेचे सर्वांत नेमके समर्थन वाटतो, आयोगाच्या मनात तसे काही नसले तरी. प्रकाश हे दगड किंवा तैलरंगाइतकेच स्वतंत्र माध्यम आहे, असे माझे मत आहे.

अंबडचा वायरमन:
असहमत. प्रकाश स्वतः दिसत नाही. तो कशावर तरी पडावा लागतो. अँथनी मॅकॉलने 1973 मध्ये अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टरच्या झोताचा शंकू उभा केला, पण तो दिसला हवेतल्या धुळीमुळे आणि प्रेक्षकांच्या सिगारेटच्या धुरामुळे. पुढे स्वच्छ दालनांत तेच काम दाखवायचे तर धुके सोडणारे यंत्र लावावे लागले. ज्याला दुसऱ्याच्या आधाराशिवाय अस्तित्वच दाखवता येत नाही, त्याला स्वतंत्र कसे म्हणायचे?

गोदाकाठी:
आधार तर तैलरंगालाही लागतो, म्हणून कोणी कॅनव्हासला माध्यम म्हणत नाही. जेम्स टरेलने 1966 मध्ये खोलीच्या कोपऱ्यावर पांढऱ्या प्रकाशाचा झोत असा टाकला की तिथे एक भरीव घन तरंगत असल्याचा भास व्हावा. जवळ गेल्यावर दोन कोऱ्या भिंती उरतात. दुसरे उदाहरण 2003 चे आहे. ओलाफुर एलियासनने लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये एकाच तरंगलांबीच्या पिवळ्या दिव्यांचा सूर्य केला आणि त्याच्यासमोर माणसांच्या कपड्यांचे रंगच नाहीसे होऊन पिवळे व काळे तेवढे उरले. नाशिकच्या गंगापूर रोडला सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा लाल स्कूटर रात्री मातकट दिसे, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच गुणधर्माचा टेटमध्ये हेतुपूर्वक वापर झाला.

चैत्यगवाक्ष:
हेतुपूर्वक वापर पांडवलेण्यातही आहे. अठराव्या लेण्यात दारावरच्या कमानदार गवाक्षातून येणारा उजेड थेट आतल्या स्तूपाकडे जातो. ते वास्तुकलेचे अंग मानले गेले, वेगळी कला नव्हे, आणि मला तेच योग्य वाटते. दालनात दिवा लावून त्याला निराळे नाव देणे ही बाजाराची सोय आहे.

गोदाकाठी:
लेण्यातला उजेड स्तूपासाठी आहे. टरेलचा प्रकाश दुसरे काहीच उजळत नाही, आणि मला अभिप्रेत असलेले स्वातंत्र्य ते हेच.

अंबडचा वायरमन:
मग एक व्यावहारिक प्रश्न. युरोपीय संघात 2023 पासून नेहमीच्या फ्लुरोसंट नळ्या बाजारात आणण्यास बंदी आहे. प्रकाश हेच माध्यम असेल, तर फ्लेविनच्या रचनेत एलईडी नळी बसवून चालायला हवे. चालत नसेल, तर माध्यम नळीची काच आणि तिच्यातला पारा हेच ठरते.

गोदाकाठी:
एलईडीचा वर्णपट, म्हणजे प्रकाशातल्या रंगांचे मिश्रण, वेगळा असतो, त्यामुळे तिथे नळीबरोबर प्रकाशही बदलतो. तरीही फ्लेविनच्या कामात नळी उघडी दिसते, तिची लांबी आणि पत्र्याची पट्टी रचनेचा भाग आहे. म्हणून फ्लेविनपुरता आपला आक्षेप मान्य करतो. टरेलच्या घनामागचा प्रोजेक्टर मात्र खुशाल बदला. झोताचा रंग, आकार आणि तीव्रता तीच राहिली तर काम तेच राहील.